वायरमनच्या खात्यातली अक्षरं

साहेब, वरच्या मजल्यावर बसून तुम्ही एक माणूस कोंडून ठेवलाय. कुलूप नाही, कडी नाही, दाराशी पहारा नाही, तरी कोंडलाय. आणि वर तोंड करून म्हणता, "त्यानंच स्वतःला अडकवून घेतलं." अर्धं खरं बोलण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही. उरलेलं अर्धं ऐका.

शुक्रवारची दुपार होती. वर बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीवर झुंबड उडालेली. खाली तळघरातल्या टंकलेखनाच्या खोलीतून टायपिस्टबाईंची हाक आली.

"वायरमन! अरे ए वायरमन! चौकोन आले रे परत!"

वायरमन तेव्हा शेजारच्या खोलीत आपलं कपाट रिकामं करत होता. या रुग्णालयातला त्याचा शेवटचा दिवस. पक्कड, टेस्टर, कान तुटलेला मग आणि एक स्वेटर अशी त्याची सगळी इस्टेट पिशवीत जात होती. त्याला वाटलं, बाई निरोपाची गंमत करतायत.

"बाई, आज तरी थट्टा नको हां."

"थट्टा करायला तू काय माझा दीर लागतोस? ये आणि डोळ्यांनी बघ."

तो आला. बाईंच्या पडद्यावर एका रुग्णाचा औषधांचा कागद उघडलेला होता. नावाच्या जागी चौकोन. गोळीच्या जागी चौकोन. सकाळ, दुपार, संध्याकाळ, सगळे रिकामे चौकोन, रांगेत, शहाण्या मुलांसारखे. पलीकडच्या मशीनवर तेच. त्याच्या पलीकडेही तेच. कालपर्यंत काय, आज जेवणाच्या सुट्टीपर्यंत याच पडद्यांवर जगातल्या कुठल्याही माणसाची अक्षरं नीट दिसत होती.

हे चौकोन म्हणजे काय, हे कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

वायरमन नावाला वायरमन. कागदावर आजही तसंच आहे. तो इथे आला तो पंखे, दिवे आणि शस्त्रक्रियागृहातली हत्यारं उकळायची यंत्रं दुरुस्त करायला. मग वरच्या मजल्यानं कॉम्प्युटर आणले. कॉम्प्युटर आणले, पण ते सांभाळायला माणूस आणला नाही. मशीन बंद पडलं की कोणीतरी म्हणायचं, "मागे वायरी आहेत ना? मग वायरमनला बोलवा." हा गडी नाही म्हणणाऱ्यातला नव्हता. जाडजूड पुस्तकं आणली, शब्दकोश आणला, एकेक ओळ डोक्यावर आपटून घेत शिकला. पगार वायरमनचा राहिला, पद वायरमनचं राहिलं, काम तेवढं वाढत गेलं. बैल नांगराला चांगला चालला की त्यालाच गाडीलाही जुंपतात, तसं.

हे शहर कामाचं. चहूकडून माणसं पोटासाठी येतात, आजारी पडतात आणि या रुग्णालयात येतात. घरी जाताना प्रत्येकाच्या हातात औषध कसं घ्यायचं याचा कागद द्यायचा, त्याच्या त्याच्या लिपीत, असा नियम. दुभाषे मजकूर लिहून खाली पाठवायचे आणि बाई तो उघडून, जुळवून, छापून द्यायच्या. पण मशीनमधला लिहायचा प्रोग्राम जुना. त्याला दोनच लिप्या येत. बाकी सगळ्यांच्या नशिबी चौकोन.

"हे असंच द्यायचं?" बाईंनी एकदा अधीक्षकांना विचारलं होतं. अधीक्षक म्हणजे तळघराचे साहेब. खुर्ची खाली, डोळे सतत छताकडे.

"कागद दिल्याची नोंद लागते, बाई. कागदावर काय आहे याची नाही."

मग एक वेल्डर असाच चौकोनांचा कागद घेऊन घरी गेला. दिवसभराच्या गोळ्या त्यानं एकदमच घेतल्या. सोबतच्यांनी त्याला दाराच्या फळीवर घालून परत आणला. जीव वाचला, पण हात थरथरतो तो थरथरतोच. वेल्डरचा हात. बाई दोन दिवस जेवल्या नाहीत. "मी छापला होता रे तो," एवढंच वायरमनला म्हणाल्या.

तेव्हा तुम्हाला जाग आली, साहेब. सगळ्या लिप्या दाखवणारा प्रोग्राम बसवा, असा हुकूम निघाला. विकत घ्यायचा तर निविदा, मंजुरी, वर्ष. कोणीतरी शोध लावला की असा एक प्रोग्राम फुकट मिळतो, फक्त कच्चा मिळतो. घरी बांधून घ्यावा लागतो. आणि घरी बांधायला आहेच की आपला वायरमन.

त्याच आठवड्यात वायरमनची बदली मंजूर झाली होती.

त्याची बायको दुसऱ्या गावी, छोट्या दवाखान्यात बाळंतपणं करणारी नर्स. मुलगी तिच्याजवळ. हा महिन्यातून दोनदा शनिवारी रात्री पोचायचा आणि रविवारी संध्याकाळी निघायचा. एकदा अंगणात खेळताना शेजारच्या मुलानं विचारलं, "हे कोण गं?" मुलगी म्हणाली, "आमचे बाबा आहेत. रविवारचे." बायको हसली. हाही हसला. परतीच्या बसमध्ये मात्र खिडकीकडे तोंड करून बसला.

आता त्याच दवाखान्यात एक जागा निघाली होती. बायकोनं अधिकची एक खोली घेतली, तिला रंग दिला, मुलीचं टेबल तिकडे सरकवलं. हुकमात एकच मेख होती: हातातलं काम पुरं केल्यावर कार्यमुक्त करावं. आणि तिकडची जागा त्या शुक्रवारनंतरच्या सोमवारपर्यंतच थांबणार होती.

वायरमन कामाला भिडला. प्रोग्राम बांधायला घेतला तर म्हणे, माझा अमुक भाग कुठाय? तो भाग आणून बांधायला घेतला तर त्याला आणखी तिसराच हवा. लग्नघरात मामा रुसला म्हणून आणायला जावं तर मामी रुसून बसलेली, तशी गत. एकाची समजूत घालावी तर दुसऱ्याचे गाल फुगलेले. पडद्यावर चुकांच्या ओळी धबधब्यासारख्या पडायच्या, आणि हा पठ्ठ्या वरून पहिली चूक शोधून बोट ठेवायचा, कारण बाकीच्या तिच्याच लेकी असतात हे त्याला ठाऊक झालं होतं.

शेवटी प्रोग्राम बांधून झाला, आणि प्रश्न आला: बसवायचा कुठे?

सगळी मशीनं एका मोठ्या कॉम्प्युटरला जोडलेली. त्यात प्रत्येकाचं एकेक खातं, म्हणजे ज्याची त्याची खोली समजा. मधे एक सामाईक दिवाणखाना. सगळ्यांनी वापरायची वस्तू दिवाणखान्यात ठेवायची असते. पण दिवाणखान्याचा पासवर्ड वरच्या मजल्यावर.

वायरमन अधीक्षकांकडे गेला.

"साहेब, मोठा पासवर्ड लागेल. तासाभराचं काम आहे."

"तो तांत्रिक पदालाच देतात. तुझं पद काय?"

"वायरमन."

"मग?"

"मग बसवू कुठे? माझ्या डोक्यावर?"

"चिडू नकोस. तुझ्या खात्यात बसव आणि सगळ्यांना दार उघडून दे. मला पडद्यावर अक्षरं दिसली पाहिजेत, बाकी मला काही माहीत नाही."

त्यानं दोनदा लेखी मागितलं, तिसऱ्यांदा तोंडी मागितलं. तुमच्याकडून उत्तर आलं नाही, साहेब. मग त्यानं तेच केलं. आपल्या खात्यात प्रोग्राम बसवला. जगभरच्या अक्षरांचे फॉन्ट आपल्याच खात्यात रचले. बांधतानाच प्रोग्रामला सांगून टाकलं की बाबा रे, तुझी अक्षरं या पत्त्यावर राहतात. तो पत्ता प्रोग्रामच्या हाडात गेला. हे चुकतंय हे त्याला तेव्हाच कळत होतं. पण त्याच्या डोळ्यांपुढे रंग दिलेली खोली होती. पासवर्ड मिळाला की हलवू, असं म्हणून तो पुढे गेला. एवढी त्याची चूक. ती त्याची, हे त्याला कबूल आहे आणि मलाही.

पण ज्या दिवशी अक्षरं उमटली, तो दिवस तुम्ही पाहायला हवा होता. उजवीकडून डावीकडे चालणारी लिपी बरोबर उलटी चालायला लागली. एकमेकांच्या गळ्यात हात घालणारी अक्षरं एकमेकांच्या गळ्यात पडली. झाडणारी मावशी केरसुणी भिंतीला टेकवून आली, वाकून तिच्या लिपीतला कागद वाचला आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"काय झालं, मावशी? चुकलंय?"

"चुकलं न्हाई. पन फौजदारानं लिवल्यावानी लिवलंय. 'गोळी घे. पानी पी.' अहो, आजारी मानूस हाय त्यो. जरा 'घ्या हं' म्हना की!"

बाईंनी तिथल्या तिथे दुभाष्याला फोन लावून सगळे कागद गोड करून घेतले. त्यानंतर एकही कागद चौकोनांचा गेला नाही. खिडकीवरची माणसं कागद हातात घेऊन जागच्या जागी उभी राहून वाचायची. मागचे ओरडायचे, "अहो सरका, घरी जाऊन वाचा!" पण ते हलायचे नाहीत.

आता परत शुक्रवारी या.

वायरमन खुर्चीवर बसला, आपलं खातं उघडायला गेला तर उघडेना. "हे खाते बंद करण्यात आले आहे." दुसऱ्या क्षणी त्याच्या ध्यानात आलं. वरच्या मजल्यावर एक तत्पर माणूस बसला होता. निविदेला वर्ष लावणाऱ्या, पत्राला उत्तर न देणाऱ्या तुमच्या कार्यालयानं या एका बाबतीत मात्र घाई केली होती. संध्याकाळी कार्यमुक्त होणार म्हणून दुपारीच त्याचं खातं बंद. खोलीला टाळं लागलं, आणि आतली सगळ्या जगाची अक्षरं आत राहिली.

"बाई," तो म्हणाला, "मी गेलो की हे सगळं जाणार."

"म्हणजे?"

"सगळं माझ्या खात्यात आहे. खातं माझ्याबरोबर जातं."

"अरे सोन्या," बाई हळूच म्हणाल्या, "आपल्याच शेपटाला गाठ मारून ठेवलीस की रे."

अधीक्षक धावत आले. वर फोन झाला. खातं पुन्हा उघडलं. क्षणात अक्षरं परतली. खोलीत सगळ्यांनी श्वास सोडला, फक्त वायरमननं सोडला नाही, कारण त्यानं अधीक्षकांचं तोंड पाहिलं होतं. त्या तोंडावर आनंद होता, हरवलेली किल्ली सापडल्यावर होतो तसा.

"म्हणजे तू आहेस तोवर हे चालतं," अधीक्षक म्हणाले.

"साहेब, एक तास पासवर्ड द्या. माझ्या मागे माणूस उभा करा, पाहिजे तर हात बांधून बसवा. पत्ता बदलून पुन्हा बांधतो, दिवाणखान्यात हलवतो. संध्याकाळच्या बसनं मी जातो. तुमचंही भलं, माझंही."

"विचारून येतो."

अधीक्षक वर गेले. ते येईपर्यंत वायरमन बाईंच्या खुर्चीमागे उभा राहिला. तळघराला छताजवळ एक आडवी खिडकी आहे. तिच्यातून रस्त्यावरची फक्त पावलं दिसतात. चपला, बूट, एखादी कुबडी. सगळी कुठे ना कुठे चाललेली. बाई छापत होत्या. छापताना एकदाही मागे वळल्या नाहीत.

अधीक्षक खाली आले ते रुमालानं मान पुसत.

"पासवर्डचा विषय समितीपुढे ठेवणार आहेत."

"समिती कधी?"

"बसेल."

"कधी बसेल?"

"अरे, समिती आहे ती. कोंबडी आहे का, अंडी ठेवली की बसायला?"

"मग बाईंच्या खात्यात हलवतो. त्याला पासवर्ड नको. आत्ता लगेच बसतो."

"तेही विचारलं मी. तुझ्यासाठीच विचारलं. त्यांनी आजच नवा नियम काढलाय. यापुढे कोणाच्याही खासगी खात्यात प्रोग्राम बसवायचा नाही. बसवला तर शिस्तभंग."

"आणि माझ्या खात्यातला?"

"तो आधीचा आहे. त्याला विशेष बाब म्हणून मान्यता दिली." अधीक्षकांनी रुमालाची घडी घातली. "खातं चालू राहायचं तर माणूस नोकरीत पाहिजे. तेव्हा समितीचा निर्णय होईपर्यंत तुला सोडता येत नाही. तुझं कौतुकच केलं रे त्यांनी. म्हणाले, असा माणूस मिळत नाही."

आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, हे ऐकलं होतं. पण इथे भीक मागून आणलेल्या भाकरीवर यांनी मालकी सांगितली आणि मागणाऱ्याला ताटाला बांधून ठेवला.

बाई ताडकन उठल्या. "का नाही सोडता येत? जाऊ दे त्याला! चौकोन तर चौकोन! इतकी वर्षं चौकोनच देत होतो, तेव्हा कुणाची समिती बसली होती?"

"बाई, तुम्ही मधे पडू नका."

"मी मधेच आहे. मधेच बसवलंय तुम्ही मला. कागद माझ्या हातानं जातो." मग त्या वायरमनकडे वळल्या. "तू जा. ऊठ. पिशवी घे. न सांगता निघ."

"न सांगता गेलो तर तिकडे हजर कसं करून घेतील, बाई? तिकडे पहिल्यांदा इकडचा कार्यमुक्तीचा कागद मागतील. इथली जाईल, तिथली मिळायची नाही."

"मग उडवून टाक ते. तुझ्या हातानं बांधलंस ना? तुझ्या हातानं पाड. खातंच रिकामं कर. मग कशासाठी ठेवून घेतील तुला?"

अधीक्षकांचा चेहरा पांढराफटक पडला. वायरमननं खरोखरच कीबोर्डवर हात ठेवला. एक ओळ लिहायची होती. बांधायला लागलं त्याच्यापुढे पाडणं म्हणजे फुंकर. त्यानं ती ओळ लिहिलीही. आता फक्त एक बटण दाबायचं.

वर खिडकीवर कोणीतरी कागद मोठ्यानं वाचत होतं. त्याला न कळणाऱ्या भाषेत, अडखळत, एकेक अक्षर लावत. मधेच शेजारच्यानं दुरुस्त केलं असावं, कारण तोच शब्द पुन्हा आला, या वेळी नीट.

वायरमननं ओळ खोडली.

"बाई, तो वेल्डर आठवतो," तो म्हणाला.

बाई खाली बसल्या. "मला नाही आठवत वाटतं, मेल्या?" त्या म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या.

संध्याकाळी त्यानं बायकोला फोन केला. आवारातल्या भिंतीशी, जिथे रेंज येते तिथे उभा राहून.

"निघालास?" तिनं विचारलं. मागे भांड्यांचा आवाज होता.

त्यानं सांगितलं. सगळं सांगितलं. खातं, टाळं, समिती. पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला.

"म्हणजे चांगलं काम केलंस म्हणून शिक्षा," ती म्हणाली.

"चूक माझीपण आहे."

"ती तर आहेच. तुझी सगळी कामं तात्पुरती असतात आणि जन्मभर टिकतात." तिनं हसायचा प्रयत्न केला, पण हसू अर्ध्यावर मोडलं. "सोमवारी ते दुसऱ्याला घेतील. यादीतला पुढचा माणूस आजच येऊन बघून गेला. चांगला आहे. त्याला दोन मुलं आहेत."

"महिन्याभरात समिती बसेल गं."

"नको ना असं बोलू. मी रोज बायकांना सांगते, झालं, झालं, आता सुटलीसच. पण तिथे खरंच सुटतात रे बायका." तिनं नळ बंद केला. "खोली मी पहिल्या तारखेला सोडते. तिचं टेबल परत स्वयंपाकघरात घेते. उगाच रिकामी खोली बघत बसायला नको."

"तिला दे ना फोन."

मुलगी आली. "बाबा, तुम्ही रविवारी येणार ना?"

"येणार."

"मग ठीक आहे," मुलगी म्हणाली. तिला खरंच ठीक वाटलं. तिला रविवारच्या बाबांशिवाय दुसरं काही माहीतच नव्हतं. वायरमनला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

सोमवारी तो वेळेवर कामावर आला. अंगात नवा कोरा शर्ट होता, घडीच्या रेघा अजून न मोडलेल्या. नव्या ठिकाणी हजर होताना घालायला घेतलेला. बाईंनी शर्ट पाहिला. त्यांची जीभ एरवी म्हशीच्या पाठीवरच्या माशीलासुद्धा सोडत नाही. पण आज त्यांनी नुसता आपला चहा त्याच्याकडे सरकवला आणि पहिला कागद उघडला. अक्षरं नीट होती.

साहेब, तेव्हापासून समिती बसलेली नाही. दोनदा तिची तारीख पडली, एकदा तिचा अध्यक्षच बदलला. मधे तुम्ही वर्तमानपत्रवाल्यांना खाली आणलंत, मशीनं दाखवलीत, 'आमची यंत्रणा' म्हणालात. वायरमनला फोटोच्या वेळी पंखा चालू करायला सांगितलंत, तेही त्यानं केलं. तुमच्या त्या पासवर्डमध्ये अक्षरं तरी किती असतील? ती एका माणसाला तासभर दिली असती तर तुमचं काय झिजलं असतं? त्यानं चूक केली, ती चारचौघांत मान्य केली आणि निस्तरायला रोज तयार आहे. तुम्ही तर चूकसुद्धा केली नाहीत. तुम्ही फक्त गप्प बसलात, आणि त्या गप्प बसण्यापायी एका घराची एक खोली गेली.

त्याला कधी सोडता? समितीचं नाव सांगू नका, नियम दाखवू नका. तारीख सांगा. लेखी उत्तर द्या. वाटेल त्या लिपीत द्या, आता खाली सगळ्या दिसतात.